रानडे रोडचा शनिवारचा वर्ग: एआयमागचं गणित, वहीत आणि पेन्सिलीनं

दादर पश्चिमेला रानडे रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी ४ ते ७ एक वर्ग भरतो. विषय आहे एआय आणि बिग डेटा यांच्यामागचं प्राथमिक गणित. १२ आठवडे, फी ६,५०० रुपये, शिकवणं मराठीतून. बाहेर फलक नाही, जाहिरात नाही. खाली झेरॉक्सवाल्याला ‘सरांचा शनिवारचा वर्ग’ विचारलं की तो जिना दाखवतो. मी हा वर्ग नुकताच पूर्ण केला. ज्यांना प्रमाणपत्र नको आहे, पण हे यंत्र आत नेमकं काय करतं ते स्वतःच्या हातानं करून बघायचं आहे, त्यांनी इथे जरूर जावं. दोन बाबतींत माझी तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

मी लालबागच्या एका पतपेढीत कर्जविभाग सांभाळते. आमचे सभासद म्हणजे पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, गणपतीच्या मूर्तींना रंग देणारे कारागीर, मसाल्याच्या गिरणीतले कामगार, टॅक्सीवाले. मध्यंतरी एक सॉफ्टवेअर कंपनी आमच्याकडे आली. अर्जदाराची माहिती भरायची, यंत्र गुण देणार, त्यावरून कर्ज द्यायचं की नाही ते ठरणार. ‘आमचं मॉडेल ९५ टक्के अचूक आहे,’ असं त्यांच्या माणसानं सांगितलं. संचालक मंडळ माझ्याकडे वळलं, ‘मॅडम, तुमचं गणित झालंय, तुम्ही बघून सांगा.’ बी.एस्सी.ला गणित होतं हे खरं, पण त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. मला प्रोग्रामर व्हायचं नव्हतं. समोरचा जे सांगतो ते तपासता यावं आणि चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढंच हवं होतं. हा आढावा वाचताना माझी ही गरज लक्षात ठेवा. तुमची वेगळी असेल तर तुमचं मतही वेगळं होईल.

त्याआधी एका मोठ्या संस्थेचं नमुना व्याख्यान ऐकलं होतं. वातानुकूलित खोली, मोठा पडदा. तिथे तयार प्रोग्रामच्या पाच-सहा ओळी चालवून मांजर आणि कुत्रा ओळखून दाखवले आणि उरलेला वेळ पगाराच्या आकड्यांवर गेला. ‘ते ओळखतं कसं?’ असं मी विचारलं, तर ‘ते लायब्ररी करते’ (म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम), हे उत्तर मिळालं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात आणि त्यांतले काही फार सुंदर आहेत. पण दिवसभराच्या कामानंतर, एकटीनं, शंका विचारायला समोर कुणी नसताना ते पुढे सरकत नव्हते. वर्गाची फी मुख्यतः त्या समोरच्या माणसासाठी आहे, आणि माझ्या मते ती वसूल होते.

शिकवणारे दोघं. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सत्तरीच्या आसपासचे. फळा, खडू आणि भरपूर संयम. दुसऱ्या शिक्षिका तिशीतल्या, एका कंपनीत डेटाचं काम करतात. वर्गात सगळे त्यांना ताई म्हणतात, वयानं दुप्पट असलेलेसुद्धा. सर मूळ कल्पना सांगतात, ताई ती आज कुठे आणि कशी वापरतात ते दाखवतात. पहिले सहा आठवडे संगणकाला हात लावू देत नाहीत. वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर. काही तरुण मुलं यावर कुरकुरली. मला मात्र ही या वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर तीन जोड्या लिहिल्या: १ ला २, २ ला ४, ३ ला ६. डाव्या आकड्याला कितीनं गुणलं की उजवा मिळतो? सगळे एकदम म्हणाले, दोन. सर म्हणाले, ‘तुम्हाला दिसलं. यंत्राला दिसत नाही. त्याला फक्त आपण किती चुकलो ते मोजता येतं.’ मग गुणायचा आकडा, म्हणजे भार, शून्य धरून सुरुवात केली. अंदाज आणि खरं उत्तर यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, तिन्ही वर्गांची सरासरी घ्यायची. ती आली १८.६७. भार किंचित वाढवला तर ही चूक कोणत्या दिशेला आणि किती वेगानं बदलते, तो उतार काढला: उणे १८.६७ (इथे दोन्ही आकडे सारखे आले तो योगायोग). उतार उणे, म्हणजे भार वाढवला की चूक घटणार. पावलाचा आकार ०.१ धरला, तर नवा भार १.८६७. परत तीच कृती केली, १.९९१. अजून एकदा, १.९९९४. मग सर म्हणाले, आता पाऊल ०.२५ घ्या. भार झाला ४.६७, मग उणे १.५६, मग ६.७४. दोनच्या जवळ येण्याऐवजी तो दर फेरीला आणखी लांब फेकला जात होता. पावलाचा आकार का महत्त्वाचा, हे मला त्या तीन आकड्यांत जितकं स्वच्छ कळलं तितकं कुठल्याही रंगीत आलेखानं कळलं नसतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, ‘सर, पण यात यंत्र शिकलं कधी?’ सर म्हणाले, ‘आत्ता तू वहीत जे केलंस त्यालाच शिकणं म्हणतात.’

या रीतीचं नाव ग्रेडियंट डिसेंट. ऑगस्तँ-लुई कोशी या फ्रेंच गणितज्ञानं ती १८४७ मध्ये मांडली. चुकांचे वर्ग करून त्यांची बेरीज कमीत कमी ठेवायची कल्पना त्याहूनही जुनी. लजांद्रनं ती १८०५ मध्ये छापली आणि गाउसनं १८०९ मध्ये, आपण ती आधीपासून वापरत होतो असं सांगत. आजच्या चॅटजीपीटीसारख्या मोठमोठ्या भाषा-मॉडेल्सना शिकवतानासुद्धा मुळात कोशीचीच रीत सुधारून वापरतात. आमच्या वहीत एक भार होता, तिथे अब्जावधी असतात. पेपरात ‘एआयची क्रांती’ वाचून जी एक भीती बसलेली असते, ती अशा सनावळ्यांनी बरीच निवते. सर इतिहास वेगळा तास घेऊन सांगत नाहीत. गणित सुटलं की त्याच्या शेजारी साल लिहितात आणि पुढे जातात.

पुढचे दोन शनिवार सदिश आणि मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची क्रमवार यादी आणि आकड्यांचा तक्ता. (३, ४) आणि (४, ३) हे दोन सदिश घ्या. जोडीजोडीनं गुणून बेरीज केली, २४. दोघांची लांबी प्रत्येकी ५. चोवीसला पंचवीसनं भागलं, ०.९६, म्हणजे दिशा जवळजवळ एकच. आता (३, ४) आणि (४, −३) घ्या: बेरीज शून्य, म्हणजे एकमेकांशी काटकोन. एवढ्या भांडवलावर ताईंनी दोन बातम्या एकमेकींसारख्या आहेत की नाहीत ते मोजून दाखवलं. प्रत्येक बातमीतला कुठला शब्द किती वेळा आला त्याचा सदिश करायचा आणि दोन सदिशांतला कोन बघायचा.

इथे मराठीची अडचण लगेच समोर आली, आणि ताईंनी ती टाळली नाही. घर, घरात, घरातून, घराला, घरांमध्ये हे सगळे यंत्राच्या लेखी निरनिराळे शब्द. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटत असल्यामुळे आपल्या भाषेत एकेका शब्दाची इतकी रूपं होतात की प्रत्येक रूप मोजक्याच वेळा भेटतं. शिवाय संगणकात साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, साध्या रोमन अक्षराला १. ‘घरातून’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. भाषा-मॉडेल्स शब्दांचे तुकडे पाडून काम करतात, आणि ज्या भाषेचा मजकूर त्यांनी कमी वाचलेला असतो तिच्या शब्दांचे तुकडे जास्त पडतात. मराठीतून एआय वापरणाऱ्या प्रत्येकानं हा एक तास तरी ऐकायला हवा, असं मला फार वाटतं. आपल्या भाषेचा चांगला मजकूर जालावर येणं का गरजेचं आहे, ते मला तिथे आकड्यांत समजलं.

खूप रकान्यांची माहिती थोड्या रकान्यांत आणायची पीसीए नावाची पद्धत शिकवताना सरांनी दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घेतलं आणि वर्गातल्या निम्म्या लोकांनी माना वर केल्या. इतिहासकार कोसंबी? हो, तेच. पीसीएची मूळ कल्पना कार्ल पिअर्सनची, १९०१ सालची. हॅरोल्ड हॉटेलिंगनं ती १९३३ मध्ये बांधून दिली. तीच गोष्ट तुटक आकड्यांऐवजी अखंड बदलत जाणाऱ्या राशींसाठी कशी करायची, ते कोसंबींनी १९४३ च्या एका शोधनिबंधात मांडलं. तेव्हा ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. करहुनेन आणि लोएव्ह यांनी ते स्वतंत्रपणे नंतर केलं. जगात बराच काळ त्या दोघांचंच नाव चाललं आणि आता अनेक ठिकाणी कोसंबी–करहुनेन–लोएव्ह असं तिघांचं लिहितात. पुढे होमी भाभांनी कोसंबींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बोलावलं आणि ते पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला ये-जा करत. मराठी घरांतल्या कपाटांत त्यांची इतिहासाची पुस्तकं असतात. त्यांचं हे काम मात्र मला या वर्गात येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्याच बैठकीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची अंतर मोजायची १९३६ सालची रीतही झाली. दोन राशी एकमेकींबरोबर वाढत असतील, समजा उत्पन्न आणि बचत, तर ‘हा अर्ज इतरांपेक्षा किती वेगळा’ हे साध्या पट्टीनं मोजून चालत नाही. त्या दोन राशींचं नातं हिशेबात धरावं लागतं. माझ्या कामाशी थेट जोडलेली अशी ही पहिली गोष्ट.

संभाव्यतेचे दोन तास मला अजून आठवतात ते एका उदाहरणामुळे. हजारात एकाला असणारा आजार. चाचणी ज्याला आजार आहे त्याला ९९ टक्के वेळा पकडते आणि निरोगी माणसाला ५ टक्के वेळा उगाच आजारी ठरवते. चाचणी ‘आहे’ म्हणाली, तर खरंच आजार असण्याची शक्यता किती? वर्गात बहुतेकांनी नव्वदच्या वरचे आकडे सांगितले. सरांनी एक लाख माणसं धरून मोजायला लावलं. आजारी १००, त्यांतले ९९ पकडले गेले. निरोगी ९९,९००, त्यांतले ४,९९५ उगाच पकडले गेले. एकूण ५,०९४ जणांना ‘आहे’ सांगितलं, खरे आजारी ९९. म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. शेजारच्या बाकावर पॅथॉलॉजी लॅबमधल्या एक बाई बसत, त्या त्यानंतर बराच वेळ काही न बोलता वहीत पुन्हा पुन्हा आकडे मांडत होत्या. हा थॉमस बेजचा नियम. बेज गेल्यानंतर १७६३ मध्ये त्याच्या मित्रानं, रिचर्ड प्राइसनं, तो प्रसिद्धीला दिला.

आता ज्यासाठी मी गेले होते तो भाग. कर्ज फिटेल की थकेल, असं दोनांपैकी एक उत्तर हवं असेल तेव्हा लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. प्रत्येक माहितीला एक भार द्यायचा, गुणून बेरीज करायची, आणि ती बेरीज एका एस-आकाराच्या वक्रात घालायची म्हणजे ० आणि १ यांच्या मधला आकडा मिळतो. बेरीज ० आली तर ०.५, २ आली तर ०.८८, उणे २ आली तर ०.१२. भार कसे शोधायचे? पहिल्या शनिवारी शोधले तसेच, उतार बघत पावलं टाकून. आम्ही दहा कल्पित अर्ज घेऊन दोन फेऱ्या हातानं केल्या. त्या दिवशी साडेसात वाजले, पण कुणी उठलं नाही.

मग सरांनी एक तक्ता काढला. एक हजार जुनी कर्जं, त्यांतली ४० थकलेली. यंत्रानं त्या ४० पैकी १२ ओळखली. फेडलेल्या ९६० पैकी २० वर उगाच लाल शेरा मारला. बरोबर उत्तरं किती? १२ आणि ९४०, मिळून ९५२. अचूकता ९५.२ टक्के. ‘आता असं यंत्र घ्या, जे अर्ज न वाचताच प्रत्येकाला फेडणारा म्हणतं. त्याची अचूकता?’ ९६ टक्के. माझ्यापुढे त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा चकचकीत कागद उभा राहिला. ९५ हा आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यात काहीच सांगितलेलं नसू शकतं. थकणाऱ्यांपैकी किती पकडले आणि पकडलेल्यांपैकी खरे किती, हे दोन आकडे वेगवेगळे मागायला हवेत. इथल्या तक्त्यात पहिला ३० टक्के (४० पैकी १२) आणि दुसरा ३७.५ टक्के (३२ पैकी १२).

यापुढची गोष्ट ताईंनी सांगितली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यंत्र जुन्या कर्जांवरून शिकतं. जुनी कर्जं कुणाची? ज्यांना आपण कर्ज दिलं त्यांची. ज्यांचा अर्ज आपण नाकारला त्यांनी पैसे फेडले असते की बुडवले असते, याची नोंद आपल्याकडे कुठेही नाही. म्हणजे मागच्या अधिकाऱ्यांनी एखाद्या वस्तीतल्या किंवा एखाद्या धंद्यातल्या लोकांना कायम परत पाठवलं असेल, तर यंत्राकडे त्यांच्याबद्दल शिकायला काहीच नसतं, आणि इतरांवरून काढलेला निष्कर्षच ते त्यांना लावतं. या अडचणीला गणितात पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. काही दुरुस्त्या आहेत, पण प्रत्येकीत कुठलं तरी गृहीतक घालावं लागतं. आमच्या पोळीभाजीवाल्या बायकांचं उत्पन्न रोख असतं, कागदावर कमी दिसतं, आणि भिशीत त्यांचा एक हप्ता चुकत नाही. भिशीचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. मी हे वर्गात बोलले तेव्हा ताई म्हणाल्या, ‘जो रकानाच नाही, त्याला भार कुठून मिळणार?’ त्यांनी पुढच्या आठवड्यात त्यावर छोटं गणितही बनवून आणलं: तेच अर्ज, आधी भिशीच्या रकान्याशिवाय आणि मग रकान्यासकट. क्रम बदलला. अशा शिक्षिका मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

यंत्र नियम शिकण्याऐवजी नुसती जुनी उत्तरं पाठ करतं, तो मुद्दाही त्याच सुमारास झाला. दहा बिंदूंमधून नवव्या घाताची बहुपदी अगदी नेमकी जाते, एकही बिंदू सुटत नाही. आणि अकरावा बिंदू आला की भलतीकडेच जाते. म्हणून काही माहिती बाजूला ठेवायची, यंत्राला ती शिकताना दाखवायची नाही आणि परीक्षा तिच्यावरच घ्यायची. ज्या आकड्यावर शिकवलं त्याच आकड्यावर अचूकता मोजून कुणी दाखवत असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा.

आता तक्रारी. न्यूरल नेटवर्कला एकच शनिवार दिला आहे आणि तो पुरत नाही. सुरुवात छान झाली: हातानं लिहिलेले अंक ओळखायचा एमनिस्ट हा प्रसिद्ध संच, ६०,००० चित्रं शिकायला आणि १०,००० परीक्षेला, प्रत्येक चित्र २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ ठिपके. मधे १६ आणि शेवटी १० पेशी (भार लावून बेरीज करणारे छोटे घटक) ठेवल्या तर, प्रत्येक पेशीत मिळवायचा एक स्थिर आकडा धरून, एकूण भार किती? आम्ही मोजले, १२,७३०. इथवर सगळे बरोबर होते. मग बॅकप्रॉपगेशन आलं. शेवटच्या थरातली चूक साखळी नियमानं मागे मागे वाटत न्यायची ही रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधामुळे सर्वत्र पोचली. ते सरांनी चाळीस मिनिटांत फळ्यावर उरकलं, आणि ज्यांचा विकलनाचा सराव सुटलेला होता ते तिथे हरवले. दोन जण त्यानंतर आलेच नाहीत. या भागाला तीन शनिवार हवेत, आणि त्याआधी विकलनाची एक उजळणी. मी हे सरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या तुकडीत बदल करू म्हणाले. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २०१७ नंतरच्या भाषा-मॉडेल्सचा गाभा, तर जाता जाता उल्लेखापुरताच आला. चॅटजीपीटीचं आतलं गणित शिकायला मिळेल म्हणून कुणी येणार असेल तर त्याची निराशा होईल.

दुसरी तक्रार बिग डेटाची. वर्गाच्या नावातच तो शब्द आहे आणि वाट्याला आले फक्त दोन शनिवार. जेवढं शिकवलं तेवढं मात्र इतकं सुरेख की आणखी हवं होतं म्हणूनच ही तक्रार. ताईंनी मराठी वर्तमानपत्राची पानं सगळ्यांना वाटली. प्रत्येकानं आपापल्या पानावरचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे, मग ‘क’पासून सुरू होणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या एका बाकावर, ‘ख’च्या दुसऱ्या, आणि त्या त्या बाकावरच्या माणसानं फक्त आपल्या चिठ्ठ्यांची बेरीज करायची. पंधरा मिनिटांत संपूर्ण अंकाची शब्दगणना झाली आणि कुणालाही संपूर्ण अंक वाचावा लागला नाही. हेच मॅपरिड्यूस, गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेलं. त्या कल्पनेवर हडूप हे अनेक संगणकांत काम वाटून देणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्याचं नाव ते बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून ठेवलेलं आहे. आमच्या वर्गातही ‘स’चं बाक चिठ्ठ्यांखाली बुडालं आणि काही बाकं रिकामी राहिली. खऱ्या यंत्रसमूहातही काम असंच असमान वाटलं जातं आणि सगळ्यांना सगळ्यात उशिरा संपवणाऱ्यासाठी थांबावं लागतं, हे वेगळं समजावायची गरजच उरली नाही.

त्यानंतर शोध. एक कोटी नावं अकारविल्हे लावलेली असतील, तर दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी टाकून द्यायची. जास्तीत जास्त २४ वेळा बघितलं की नाव सापडतं किंवा नाही ते कळतं. आणि ब्लूम फिल्टर, १९७० सालचं: फळ्यावर दहा चौकोन, प्रत्येक नावाला सूत्रानं दोन चौकोन मिळतात, ते रंगवायचे. नवीन नावाच्या दोन चौकोनांपैकी एक जरी रंगलेला नसेल तर ते नाव यादीत खात्रीनं नाही. दोन्ही रंगलेले असतील तर असेल किंवा नसेलही. चूक होणार, पण एकाच बाजूनं होणार आणि ती किती प्रमाणात होईल ते आधी सांगता येतं. त्या बदल्यात जागा इतकी कमी लागते की नावं साठवावीच लागत नाहीत. ही कल्पना मला इतकी आवडली की घरी येऊन मुलीला वहीत काढून दाखवली.

सरांनी याच बैठकीत टिफ्रॅकची आठवण काढली. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या पुढाकारानं बांधलेला हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं. स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला की होतात जेमतेम १० किलोबाइट. नरसिंहन पुढे चित्रांमधले आकार ओळखण्यावर काम करत राहिले. हे सगळं याच मुंबईत झालं.

व्यवहाराचं थोडं. लिफ्ट नाही आणि जिना उभ्या चढणीचा आहे; गुडघे दुखत असतील तर आधी बोलून घ्या. खोलीत तीसेक जण बसतात, मागच्या दोन बाकांवर रस्त्याचा आवाज येतो, तेव्हा पावणेचारला पोचून पुढची जागा धरावी. टिपणं सरांच्या अक्षरातली, झेरॉक्स काढलेली. मजकूर उत्तम, पण उणे चिन्हं काही ठिकाणी पुसट आहेत आणि या विषयात ते चालत नाही. शेवटच्या आठवड्यांत संगणकावर काम होतं, आधी स्प्रेडशीटमध्ये आणि मग थोडं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, पण वर्गातले लॅपटॉप मोजकेच असल्यामुळे स्वतःचा न्यावा. पावसात गाड्या बंद पडल्या तर बुडालेला तास रविवारी सकाळी भरून देतात, आणि तो खरंच देतात. गृहपाठ तपासून मिळतो, लाल शाईत, ओळीओळीला शेरे. इतकं मन लावून तपासलेली वही मला कॉलेजातही परत मिळाली नव्हती. दहावीपर्यंतचं बीजगणित पक्कं असेल तर सुरुवात करता येईल. बारावीचं गणित असेल तर शेवटपर्यंत टिकाल. नोकरी बदलायला निघालेल्यांनी हा वर्ग पाया म्हणून करावा, पण केवळ याच्या जोरावर मुलाखत पार पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्या सॉफ्टवेअर कंपनीला मी पतपेढीतर्फे लेखी प्रश्न पाठवले. थकलेल्या कर्जांपैकी किती ओळखली? ओळखलेल्यांपैकी खरी किती? मोजणी कोणत्या माहितीवर केली, शिकवलेल्या की बाजूला ठेवलेल्या? शिकवायला घेतलेल्या कर्जांमध्ये आमच्यासारख्या पतपेढ्यांची कर्जं होती का? कोणत्या रकान्याला किती भार आहे ते दाखवता का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याच दिवसांनी आली, आणि थकलेल्यांपैकी ओळखलेली निम्मीही नव्हती. भार दाखवायला त्यांनी नकार दिला. मंडळानं करार केला नाही. आमच्या जुन्या नोंदींमधून, भिशी आणि आवर्त ठेवीच्या रकान्यांसकट, एक साधा तक्ता मी आता स्प्रेडशीटमध्ये तयार करते आहे; ताई दर पंधरवड्याला तो बघून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्या तक्त्यावरून कुणाला नाकारायचं नाही, फक्त कुणाच्या घरी आधी जाऊन बोलायचं ते ठरवायचं, असं मंडळाशी ठरलं आहे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. नाव नोंदवायला फोन करावा लागत नाही. शनिवारी साडेतीनच्या सुमारास वर जाऊन भेटायचं. पहिला तास फुकट बसू देतात. कॅल्क्युलेटर आणि चौकटींची वही न्या.